मोगऱ्याला खताचा आग्रह

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : वय ६१, शाळेतून निवृत्त, पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतात. पूर्वेच्या गॅलरीत १४ कुंड्या आहेत. मोगरा, जास्वंद, गुलाब, शेवंती आणि एक अनंत. सासूबाईंच्या साताऱ्याच्या अंगणात मोगऱ्याचं झुडूप होतं. त्याला कुणी कधी खत घातलेलं यांना आठवत नाही, तरी चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला परडीभर फुलं निघायची. इथे दर महिन्याला प्रत्येक कुंडीत चमचाभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे रासायनिक खत), दर आठवड्याला केळीच्या सालींचं पाणी, अंड्याच्या टरफलांची पूड, चहाचा चोथा आणि मध्यंतरी एका व्हिडिओत पाहिलं म्हणून एप्सम सॉल्ट, इतकं सगळं होतं. तरी मोगरा नुसता पानांनी माजलाय. जास्वंदीच्या कळ्या गळतात, गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात, अनंताची नवी पानं पिवळी येतात. शेवंती आणली त्या वर्षी फुलली, यंदा ऑक्टोबर उजाडला तरी कळीचा पत्ता नाही. पाणी बोअरचं आहे, कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर धरतो. समोर दोन वर्षांपूर्वी बारा मजली इमारत झाली, त्यामुळे ऊन साडेनऊनंतर येतं आणि साडेअकराला जातं. यजमान म्हणतात, "मंडईतून फुलं आण आणि सुखी हो." ताईंचा प्रश्न : "आणखी काय घालू? की माझ्या हातालाच गुण नाही?"

ताई,

हाताचं आधी बोलू. चौथ्या मजल्यावर, बोअरच्या पाण्यावर १४ कुंड्या जिवंत ठेवणाऱ्या हाताला गुण नाही असं मी म्हणणार नाही. शिवाय तुमचा मोगरा सुकलेला नाही, माजलाय. हा शब्द तुमचाच आहे आणि तो अगदी नेमका आहे. उपाशी झाड माजत नाही.

तुमच्या पत्रावरून मी एक हिशेब मांडला. चहाचा सपाट चमचा डीएपी म्हणजे साधारण ५ ग्रॅम. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला ६० ग्रॅम. बारा इंची कुंडीत १२ किलो माती धरली, तर किलोमागे ५ ग्रॅम खत झालं. आता हेच प्रमाण रानात नेऊन बघा. एक एकरातली वरची सहा इंच माती सुमारे नऊ लाख किलो भरते. तिला याच मापाने खत द्यायचं तर साडेचार टन लागेल, ५० किलोच्या ९० गोण्या. शेतकरी एका पिकाला एकरी एखाद-दोन गोण्या टाकतो. माझा मामेभाऊ ऊस लावतो, त्याला मी हा आकडा सांगितला. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "झाडं आहेत का अजून?"

आहेत, हे तुमच्या रोजच्या निगराणीचं श्रेय. पण तुम्ही पत्रात ज्या पाच तक्रारी वेगवेगळ्या म्हणून लिहिल्यात, त्यातल्या तीन-चार एकाच चमच्यातून आलेल्या आहेत.

डीएपीच्या गोणीवर १८-४६-० असं लिहिलेलं असतं. शंभर किलोत १८ किलो नत्र (नायट्रोजन), ४६ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) शून्य. (हे ४६ म्हणजे शुद्ध स्फुरद नव्हे, त्याच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं. घरच्या वापराला त्याने काही अडत नाही.) नत्राने पानं आणि कोवळी वाढ होते. ते हाताशी भरपूर असलं की झाड पानंच काढत बसतं, फुलायची घाई करत नाही. स्फुरद मुळांना आणि झाडाच्या आतल्या ऊर्जेच्या देवघेवीला लागतं, पण लागतं थोडं. "फुलांसाठी स्फुरद" हे वाक्य इतक्या पाकिटांवर छापलेलं असतं, की जितकं जास्त तितकी फुलं जास्त असा समज होतो. तसं होत नाही. स्फुरद फार साठलं की मुळांना लोह आणि जस्त घेणं जड जातं. पालाश मात्र फुलझाडाला मनापासून हवं असतं. पानांत तयार झालेली साखर कळीपर्यंत पोचवणं, पाण्याचा तोल सांभाळणं ही कामं त्याची. आणि नेमकं तेच तुमच्या चमच्यात नाही.

आता अनंताकडे बघा. नवी पानं पिवळी, आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर ती लोहाची ओढ आहे. एक खूण लक्षात ठेवा, इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं, त्यामुळे खालची पानं आधी खराब होतात. लोह आणि कॅल्शियम असं हलवता येत नाही, त्यामुळे शेंड्याची पानं आधी सांगतात. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तुमचा पिवळेपणा शेंड्याला आहे, म्हणजे ते औषध चुकीच्या रोगाला गेलं. अनंताला आंबूस, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. बोअरचं जड, क्षारांचं पाणी मातीला उलट, अल्कधर्मी दिशेला नेतं. त्यात कुंडीत लोह नाही असं नाही, पण ते मुळांना मिळेल अशा रूपात राहत नाही. आणि वरून आपण अंड्याची टरफलं घालतोय, म्हणजे चुनाच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

गुलाबाच्या करपलेल्या कडा आणि कुंडीवरचा पांढरा थर एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. खतातले आणि पाण्यातले क्षार साठले आहेत. मातीत क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. जास्वंदीच्या कळ्या गळण्यामागेही हे असू शकतं. तिथे आणखी एक पाहून घ्या. गळलेली कळी उकलून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. मग खताचा प्रश्नच नाही, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा निंबोळी तेल फवारा, तेही संध्याकाळी.

पण हे सगळं सुधारलं तरी मोगरा फुलेल का? इथे मला तुमच्या पत्रातलं ते वाक्य महत्त्वाचं वाटतं, जे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. ऊन साडेनऊला येतं, साडेअकराला जातं.

खताला आपण झाडाचं जेवण म्हणतो. सोयीचं आहे, पण खरं नाही. झाड आपलं जेवण स्वतः रांधतं, उन्हाच्या चुलीवर, हवेतून आणि पाण्यातून. मातीतून येणारी चौदा मूलद्रव्यं म्हणजे त्यातलं मीठ-मसाला. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या सुमारास एक नियम लोकप्रिय केला (त्याच्याआधी श्प्रेंगेलने तो मांडला होता), की झाडाची वाढ सगळ्यांत कमी असलेल्या गोष्टीवर अडते, बाकीचं कितीही ओता. पुढे लोकांनी त्यासाठी लाकडी पिंपाचं चित्र वापरलं. एक फळी तोकडी असेल तर पाणी तिथूनच सांडणार. तुमच्या पिंपाची तोकडी फळी ऊन आहे. मोगऱ्याला आणि गुलाबाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, तुमच्याकडे दोन आहे. समोरची इमारत उभी राहिली, ऊन गेलं, फुलं कमी झाली, आणि तुम्ही ती भर खताने काढायला गेलात. चूल मंद झाली तर आपण भाजीत मीठ वाढवत नाही. उलट कमी उन्हातल्या झाडाला खतही कमीच लागतं, कारण ते वापरायची त्याची ऐपतच घटलेली असते.

आणि सासूबाईंचा मोगरा. त्याला खत नव्हतं, हे मला फारसं पटत नाही. अंगणात शेणाचा सडा पडत असेल. चुलीची राख कुठेतरी टाकली जात असेल, राखेत पालाश असतं. मोरीचं पाणी त्याच बाजूला जात असेल. त्याला खत कुणी म्हणालं नाही एवढंच. शिवाय जमिनीतल्या मुळांना हात-पाय पसरायला जागा होती, दिवसभर ऊन होतं आणि हिवाळ्यात कुणी त्याला रोज पाणी घालत नव्हतं.

हे शेवटचं जरा विस्ताराने सांगते, कारण घरच्या बागेत ते कुणी करत नाही. नागपूरचा संत्रेवाला किंवा सोलापूरचा डाळिंबवाला बहार "धरतो", म्हणजे काय करतो? आधी पाणी तोडतो. झाडाला ताण देतो. हलक्या रानात कमी दिवस, भारी काळ्या रानात जास्त. पानं पिवळी पडून गळू लागली की मग छाटणी, मग खत, मग पाणी, आणि झाड फुलाने लदबदतं. खत आहेच त्यात, पण ते ताणानंतर येतं. मोगऱ्याचं गणित याच जातीचं आहे. त्याची फुलं नव्या फुटीवर येतात. डिसेंबर अखेरीस पाणी कमी करत जायचं, माती वरून चांगली कोरडी पडू द्यायची, संक्रांतीच्या आसपास निम्म्यावर छाटायचं, उरलेली पानं काढायची, आठवड्याने शेणखत-गांडूळखत देऊन पाणी सुरू करायचं. कुंडीत ताण आठ-दहा दिवसांपेक्षा लांबवू नका, ते रान नव्हे. तुम्ही वर्षभर रोज पाणी आणि महिन्याला खत दिलंत, त्या झाडाला फुलायचं कारणच मिळालं नाही.

आता काय करायचं?

मला तीन वाटा दिसतात. एक, सोसायटीच्या गच्चीवर ऊन लागणाऱ्या कुंड्या नेणं. उत्तम, पण परवानगी लागेल, ओल्या कुंड्यांचं वजन स्लॅबवर कुठे ठेवायचं ते विचारावं लागेल, आणि उन्हाळ्यात रोज पाण्यासाठी चढावं लागेल. गुडघे काय म्हणतात ते तुम्हालाच माहीत. दोन, झाडं बदलणं. दोन तासांच्या उन्हात गुलाब रुसणारच, पण अनंत चालेल, जास्वंद थोडी तरी फुलेल, आणि तगर, लिली, तेरडा यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येईल. तीन, आहे ते तसंच ठेवून कमी फुलांवर समाधान मानणं. तुमच्या जागी मी असते तर दोन मोगरे आणि तीन गुलाब गच्चीवर नेले असते, बाकी गॅलरीत. पाच कुंड्या शेजारणीशी वाटून सांभाळता येतात, चौदा नाही.

कुठेही ठेवा, आधी कुंड्या धुवा. कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश, दोन-तीन टप्प्यांत सोडायचं आणि खालून वाहून जाऊ द्यायचं. बारा इंची कुंडीला तीसेक लिटर लागेल. गॅलरीत करू नका, खालच्या मजल्याशी भांडण होईल. बाथरूममध्ये किंवा गच्चीवर करा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. याने बरेचसे क्षार जातील. स्फुरद मात्र मातीला धरून बसतं, ते असं धुतलं जात नाही. म्हणून कडेची तिसरा हिस्सा माती हलक्या हाताने काढून नवी भरा : लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडा कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. आणि पुढची दोन वर्षं डीएपी नको. घरातला उरलेला डबा शेती असलेल्या कुणाला देऊन टाका. ठेवलात तर एखाद्या रविवारी हात जाईलच.

त्यानंतर महिनाभर खत काहीच नाही. तुम्हाला हे सगळ्यांत कठीण जाणार आहे, मला ठाऊक आहे. आपल्याकडे पान रिकामं दिसलं की वाढायचं असतं. रोज सकाळी कुंड्यांपुढे उभं राहायचं आणि हात मागे बांधायचे.

नवी फूट दिसली की मग बेताने. महिन्याला कुंडीमागे मूठभर गांडूळखत, दोन महिन्यांनी मोठे दोन चमचे निंबोळी पेंड. वाढीच्या दिवसांत पंधरवड्याने विद्राव्य १९:१९:१९, अर्धा चहाचा चमचा अडीच लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. हे पाणी सगळ्या कुंड्यांना मिळून आहे, एकेका कुंडीला नाही, आणि माती आधी ओली हवी. तुमच्याकडे स्फुरद आधीच साठलंय, म्हणून हेही माती बदललेल्या कुंड्यांनाच. कळ्या धरू लागल्या की ते थांबवून १३:०:४५ त्याच मापाने दोन-तीनदा. हे पोटॅशियम नायट्रेट आहे, स्फुरद शून्य, तुमच्या मातीला सोयीचं. अनंताला लोह द्यायचं तर चिलेटेड (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं), आणि पाकिटावर "ईडीडीएचए" लिहिलेलं बघून घ्या. जड पाण्याच्या मातीत साधं "ईडीटीए" टिकत नाही. माप पाकिटावरचं, त्याहून चिमूटभरही जास्त नको.

सेंद्रिय की रासायनिक, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीचे विचारतील. मूळ दोन्हींतून शेवटी तेच क्षार घेतं. फरक वेगाचा आणि मातीचा आहे. पेंड, शेणखत सावकाश सुटतात, माती भुसभुशीत ठेवतात आणि चूक झाली तरी सहसा झाड मारत नाहीत. पाण्यात विरघळणारं खत लगेच लागू पडतं आणि चूकही लगेच दाखवतं. कुंडीत मी मुख्य भार पहिल्यावर ठेवते, दुसरं चिमटीने.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. केळीच्या सालींच्या पाण्यात पालाश उतरतं, पण इतकं थोडं की त्याचा गाजावाजा जास्त. चिलटं मात्र नक्की येतात. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता घातला तर मुंग्या आणि बुरशी. या दोन्ही गोष्टी कंपोस्टच्या बादलीत टाका, कुजून जाऊ द्या, मग कुंडीत. टरफलं तुमच्याकडे नकोच.

आता शेवंती, तिची गंमत वेगळी आहे. हे झाड रात्र मोजतं. पावसाळा सरताना रात्री लांबतात, तेव्हा ते कळ्या धरतं, आणि लांब अंधार मध्येच कुणी उजेडाने तोडला तर विसरून पानं काढत राहतं. तुमच्या गॅलरीत रात्रभर दिवा असतो का? किंवा समोरच्या इमारतीच्या पार्किंगचा फ्लडलाइट येतो का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण नर्सरीतून फुललेली आलेली शेवंती पुढच्या वर्षी रुसते तेव्हा मी हे पहिल्यांदा विचारते. आजपासून दिवा बंद, नाहीतर कुंड्या अंधाऱ्या कोपऱ्यात. उशीर झालाय, तरी डिसेंबरात काहीतरी दिसेल. पुढच्या वर्षी जून-जुलैत बाजूचे फुटवे नवीन लावा, ऑगस्ट अखेरपर्यंत शेंडे खुडत राहा, आणि कळीला रंग दिसला की खत बंद.

गुलाबाची छाटणी मात्र आत्ताच. पाऊस गेला, ऑक्टोबर आलाय, हेच दिवस. मेलेल्या आणि एकमेकांत घुसलेल्या फांद्या काढा, चांगल्या फांद्या बाहेरच्या डोळ्यावर तिरक्या कापा. दीड-दोन महिन्यांत पहिला बहार येतो, तोही कुंड्या उन्हात गेल्या तरच.

राहता राहिली चैत्रगौर. संक्रांतीला छाटलेला मोगरा गच्चीवरच्या उन्हात मार्च-एप्रिलला कळ्या धरतो, तेव्हा मुहूर्त जुळतो. पण या खेपेला मुळं आधी सावरतील, त्यामुळे परडीभर मनात धरू नका. दोन कुंड्यांत मिळून सकाळी दहा-बारा कळ्या निघाल्या तर गौरीपुढच्या वाटीत घाला. हळदीकुंकवाचे गजरे यंदा यजमानांकडून मंडईतून मागवा, आंबेडाळीच्या कैऱ्यांबरोबर.